गोटूचं वजन

काकडीची चकती कालचीच होती. पाण्यावर तरंगत हौदाच्या कोपऱ्याला लागलेली, कड मऊ पडून आत वळलेली, मधल्या बिया सुटून तळाशी बसलेल्या – आणि चावा कुठंच नाही. अप्पा वाकून पाहत राहिले. कडेला एखादी बारीक खाच असेल, तोंडाच्या टोकानं घेतलेली, एवढीशी... त्यांनी चकती दोन बोटांत उचलून उजेडात धरली. नव्हती. ऊन अजून शेजारच्या पत्र्यावरसुद्धा आलं नव्हतं, तरी चैत्रातला उजेड असा असतो की त्यात न दिसण्याची सबब चालत नाही.

गोटू विटेवर होता. कासव विटेवर बसलेलं आहे की नुसतं पडलेलं आहे, यातला फरक सात वर्षांत अप्पांना कळायला लागला होता. बसलेलं असलं की मान बाहेर असते, मागचे पाय सैल लांबवलेले असतात. आज मान अर्धी आत होती. कानामागचा लाल पट्टा कातडीच्या घडीत बुडून गेला होता. डोळे उघडे होते, पण कशाकडेही लागलेले नव्हते.

आणि अप्पांचा हात पुढे गेला. तो नेहमी असाच जातो, डोक्याला विचारत नाही. बेचाळीस वर्षं मुरुमच्या धान्याच्या मोंढ्यात मापाडी म्हणून काढल्यावर – शेतकऱ्यांची पोती काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, पुन्हा उतरवायची, यातच बेचाळीस वर्षं गेल्यावर – हातच आधी पुढे होतात. वस्तू दिसली की तळवा तिच्याखाली. मूठभर तूर असो, शेजारच्या घरातलं नवं बाळ असो, प्रसादाचा नारळ असो. सिद्धारामअप्पा हातानं सांगतात ते काट्यावर दहा-वीस ग्रॅमच्या आत येतं, असं मोंढ्यात म्हणायचे. पैजा लावायचे. अप्पा कधी हरले नव्हते...

हात गोटूच्या पाठीपासून चार बोटांवर आला असताना थांबला. शनिवारी डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. उचलू नका.

उचलू नका, हे कळायला सोपं आहे. पण रोज सकाळी हौदाशी यायचं, गोटूला दोन्ही तळव्यांवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि आकडा आपोआप येऊ द्यायचा, हे गेली दोन वर्षं चुकलं नव्हतं. बायको, निलव्वा, गेल्यापासून. त्या आधी गोटू तिचाच होता. म्हणजे खरं तर नातीचा, आरोहीचा. मुलानं, मल्लिनाथनं, सोलापूरच्या माशांच्या दुकानातून आणला तेव्हा तो बोराएवढा होता आणि आरोही चार वर्षांची. मग मल्लिनाथची नोकरी पुण्याला गेली, आरोही गेली, गोटू राहिला. निलव्वा त्याच्याशी कानडीत बोलायची. अप्पांशी मराठीत, कासवाशी कानडीत. ती काय बोलायची, ते अप्पांनी कधी नीट ऐकलं नव्हतं.

संक्रांतीला गोटू भरला होता एक किलो साठ. महाशिवरात्रीला एक किलो शंभराच्या पुढे. होळीला दीडशे, मग दोनशेच्या वर. त्याच दिवसांत त्याचं खाणं आधी कमी झालं, मग थांबलं, आणि अंगणातल्या फरशीवर तो मागच्या पायांनी खरवडत राहायला लागला – खर्र, खर्र, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. अप्पांनी ते पाहिलं होतं. ऐकलं होतं. पण हातावर रोज सकाळी वजन वाढलेलं लागत होतं, आणि हातानं सांगितल्यावर डोळ्यांचं कोण ऐकतो? शेजारच्या मथुराबाईला त्यांनी कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं, की गोटूनं यंदा अंग धरलंय.

अकरा दिवस. तोंडात काही नाही, आणि वजन वर. अकराव्या दिवशी पहाटे चुलीवर पाणी ठेवताना अप्पांच्या हातातून तांब्या सुटला होता, कारण हे दोन्ही एकत्र त्यांनी आधी एकदा पाहिलेलं होतं... ते आत्ता नको.

मग उमरग्याला जाऊन एक्स-रेचा फोटो काढला. माणसांच्याच दवाखान्यात, डॉक्टरांच्या ओळखीनं. तिथल्या मुलीनं कागदी पाकिटावर नाव विचारलं आणि अप्पांनी सांगितलं तसं लिहिलं – गोटू सिद्धाराम, वय सात. फोटोत पाठीच्या कवचाखाली पांढरे लांबट गोल दिसत होते, एकाला एक चिकटून. नऊ. डॉक्टर म्हणाले होते, की गोटू बाई आहे अप्पा, आणि तिला घालायला जागा नाही म्हणून ती अंडी धरून बसली आहे. नर नसला तरी ही जात अंडी घालते, त्यांतून पिल्लं निघणार नाहीत, पण घालावी तर लागतातच. जमीन मिळाली नाही तर धरून ठेवते. किती दिवस धरणार?

हे अंगण मल्लिनाथनं फरशी घालून घेतलं होतं, आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. वडील एकटे, पाय घसरायला नको. अप्पांना बरं वाटलं होतं. झाडून घ्यायला सोपं. चिखल नाही, गवत नाही, बोटभरसुद्धा उघडी जमीन नाही.

साडेआठला डॉक्टरांची मोटारसायकल दाराशी थांबली. डॉक्टर संघपाल वयानं मल्लिनाथपेक्षा लहान, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात, आज पुढच्या गावांत शेळ्यांना लस टोचायला निघालेले. वाटेत मुद्दाम आले होते. हेल्मेट काढून ते सरळ मागच्या अंगणात गेले आणि शनिवारी अप्पांनी केलेली जागा बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

अप्पांनी ती जागा जीव ओतून केली होती. पहारीनं चार फरशा उचकटल्या, खालची खडी वेचून काढली, दीड वीत खोल खणलं, आणि मथुराबाईच्या रानातली काळी माती घमेल्यानं आणून भरली – आतली, जुनी, कापसाची. तिच्यावर पाणी शिंपडलं, धुम्मसानं चोपली, पुन्हा पाणी, पुन्हा चोपली, आणि शेवटी शेण कालवून हातानं सारवून घेतली. नख ओढलं तरी ओरखडा उठू नये अशी. कडेनं विटा. बघितली की डोळ्यांना गार वाटावं.

“अप्पा,” डॉक्टर म्हणाले, “हे तर खळं केलंत की तुम्ही.”

खळंच होतं ते. ज्वारी पडली असती तर एक दाणा मातीत गेला नसता. चांगली जमीन म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर हातांना हेच येत होतं. दाणा सांडू न देणारी. घट्ट. डॉक्टरांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं आणि उकिडवं बसून समजावून सांगितलं, की तिला खळं नको, तिला उकरता येईल अशी माती पाहिजे – वाळू मिसळलेली, ओलसर, हात घातला की मनगटापर्यंत जाईल अशी. काल दिवसभर तिनं यावर पाय मारले असतील आणि सोडून दिलं असेल. कडेला बारीक रेघा होत्याच. त्या अप्पांनी काल पाहिल्या होत्या आणि पाण्याचा हात फिरवून पुसून टाकल्या होत्या.

डॉक्टरांनी गोटूला उलटं न करता एका बाजूनं उचललं, मागच्या पायापुढच्या खोबणीत बोट घालून चाचपलं, आणि पुढच्या पायाच्या कातडीत बारीक सुई दिली. परवाची चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची सुई होती, तिनं अंगात जोर येतो. ही कळांची. आता जागा नीट झाली आणि ती शांत राहिली तर संध्याकाळपर्यंत सुटेल. नाही सुटली, तर उद्या सकाळी तिला घेऊन परभणीला, तिथं पोट उघडावं लागेल, आणि एवढ्या दिवसांनंतर ते कितपत सोसेल, ते त्यांनी सांगितलं नाही. दाराशी जाऊन हेल्मेट घालता घालता ते थांबले.

“पाच-साडेपाचला येतो मी. तोवर अप्पा, तुमचे हात बाजूला ठेवा. उचलायचं न्हाय, चाचपायचं न्हाय, बघायला पण जायचं न्हाय. कुणी बघत असलं की ही थांबते.”

“लांबून बघितलं तर?”

“लांबून पण न्हाय.”

मथुराबाई वाळू घेऊन आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिच्या घरकुलाचं काम नुकतंच उरकलं होतं, त्यातली उरलेली वाळू. डोक्यावरचं घमेलं उतरवून तिनं अंगणात नजर फिरवली – उचकटलेल्या फरशा, विटांची कड, पाण्याची बादली, सावलीसाठी बांधलेलं निलव्वाचं जुनं लुगडं – आणि पदरानं मान पुसत म्हणाली,

“बाळंतिणीची खोली करताय व्हय अप्पा? शेगडी पण ठिवा की एक.”

अप्पा हसले. चाळणीत वाळू घेऊन हलवायला लागले. धान्य चाळणारे हात, वाळू चाळणं त्यांना काय अवघड. खडे वर राहिले, वाळू खाली. मथुराबाई उकिडवी बसून खळं फोडायला लागली, खुरप्यानं, न विचारता. तिचं म्हणणं एवढंच होतं, की एवढा घोर कशाला, मठाच्या विहिरीत नेऊन सोडावं, देवाचं जनावर देव बघेल. अप्पांनी सांगितलं की हे आपल्याकडचं कासव नाही, बाहेरच्या मुलखातलं आहे, आपल्या विहिरीत सोडलं तर तिथली मासळी, बेडकं, सगळं खाऊन टाकतं, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. ती म्हणाली, कुठून कुठून येतात आणि तुमच्याच गळ्यात पडतात. आणि मग ढेकूळ हातानं चुरता चुरता, अगदी सहज, मान वर न करता –

“निलव्वाच्या येळंला तुमी एवढं केलं न्हाई बघा. मल्लू झाला तवा तुमी मोंढ्यात. मीच व्हते तिच्याजवळ.”

“तुरीचे दिवस होते,” अप्पा म्हणाले.

“व्हय. तुरीचेच व्हते.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. अप्पांना वाईट वाटावं असं तिला काही म्हणायचंही नव्हतं. ती उठली, हात झटकले, घमेलं उचललं, आणि संध्याकाळी भाकरी पाठवते म्हणून गेली. अप्पांच्या हातातली चाळणी थांबलेली होती. तुरीचे दिवस... शंभर-शंभर पोती एका दुपारी. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं – लाभ, दोन, तीन – आणि त्या दिवशी निरोप आला तेव्हा ते नेमके पुढच्या गाडीच्या पहिल्या पोत्याशी होते, आणि ‘लाभ’ म्हणून ओरडले होते, आणि सगळे हमाल हसले होते, मुलगा झाला म्हणून. सगळी गाडी मापून झाल्यावर ते घरी आले. बाळाला हातावर घेतलं. अडीच किलोला थोडं कमी, त्यांनी सांगितलं. निलव्वा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिला किती... तिच्याकडे पाहिलं होतं का मी? पाहिलं असेल. आठवत नाही.

माती झाली. हात घातला तर मनगटापर्यंत गेला, गार, सैल, बोटांमधून निसटणारी. अशा मातीला अप्पा आयुष्यभर हलकी म्हणत आले होते. त्यांनी गोटूला हौदातून उचललं. एवढं तर करावंच लागणार होतं. आणि त्या आठ-दहा पावलांत हातांनी आपलं काम करून टाकलं, नको म्हणत असताना – एक किलो दोनशे ऐंशी. शनिवारच्यापेक्षा दहा-पंधरा कमी. कमी म्हणजे चांगलं की वाईट? पाणी गेलं की मांस गेलं? हाताला एवढंच येतं, किती. कशाचं, ते हात सांगत नाही. हे बेचाळीस वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. तिथं पोत्यावर लिहिलेलं असायचं ना... तूर. हरभरा. उडीद.

गोटूला मातीवर ठेवून ते मागं सरले, घरात आले, आणि मागचं दार लोटून घेतलं.

मग दुपार. दुपार कशी गेली, ते सांगायला काही नाही. तांदूळ निवडायला घेतले, ते निवडून झाले. पाण्याचा माठ घासला. देवघरातली विभूती सारखी केली. घड्याळात पावणेबारा. लोटलेल्या दाराच्या फळ्यांत एक फट होती, बोट जाईल एवढी, आणि घरात कुठंही गेलं तरी त्या फटीतून येणारी उन्हाची रेघ दिसत होती. अप्पा तिच्याकडे पाठ करून बसले. मग बाजूला वळून बसले. मग असं वाटलं की कावळा आला असेल तर? मांजर? डॉक्टरांनी बघू नका म्हटलंय, पण मांजर आलं तर ते काय डॉक्टरांना विचारून येणार आहे का... आणि ते उठून फटीला डोळा लावून उभे राहिले.

गोटू मागच्या पायांनी उकरत होता. एकदा डावा, एकदा उजवा, सावकाश, जणू मागं डोळे आहेत. मातीचा लहानसा ढीग एका बाजूला झाला होता. पाय आत जायचा, बोटं पसरायची, चिमूटभर माती बाहेर यायची. अप्पांनी श्वास धरला. किती नीट काम होतं ते... मग फटीतली सावली हलली असेल, किंवा फळी करकरली. पाय अर्ध्यावर थांबला. मान वळली. तो एक डोळा, पिवळा, त्यातली आडवी काळी रेघ, सरळ फटीकडे. अप्पा हलले नाहीत. गोटूही हलला नाही. मग त्यानं पाय आत ओढून घेतला, कवचाखाली, आणि तसाच राहिला. पाच मिनिटं. दहा.

मी थांबवलं तिला. मीच.

दारापासून ते पाय न वाजवता मागं आले आणि मधल्या खोलीत खाटेवर बसले. आणि आता ते सकाळपासून दूर ठेवलेलं आलं, दार ढकलून नाही, नेहमीच तिथं असल्यासारखं.

निलव्वा लग्न होऊन आली तेव्हा तुराटीसारखी होती. तशीच राहिली. आडतीत पहिला विजेचा काटा बसला, पोतं नुसतं पाटावर ठेवायचं आणि आकडा लाल अक्षरांत उमटायचा, तेव्हा ती भाकरी घेऊन आली होती आणि अप्पांनी तिला जबरदस्तीनं पाटावर उभं केलं होतं. एक्केचाळीस पाचशे. मी हाताशिवाय नुसत्या नजरेनं एक्केचाळीस सांगितलं होतं. सगळे वाहवा म्हणाले. ती पदरात तोंड लपवून उतरली आणि घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही. पण मनात एक राहिलं – हिनं जरा भरावं. नवऱ्याच्या घरी बाई भरली पाहिजे. आणि दोन वर्षांमागच्या श्रावणात ती भरली. गाल वर आले. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, मागं सरकेनात. अप्पांनी तिच्या मनगटाखाली तळवा धरून म्हटलं होतं, आता कुठं अंग धरलंस बघ. म्हातारपणी का होईना. मोंढ्यात सांगितलं, मथुराबाईला सांगितलं. निलव्वा अर्धी भाकरी खात होती तेव्हा. मग चतकोर. मग ताकात कालवून दोन घास. ते मला दिसत होतं, ताट मीच उचलत होतो... खाणं एका बाजूला, वजन एका बाजूला, दोन्ही मला ठाऊक, आणि एकाशेजारी एक मी ती कधी ठेवली नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या पायावर अंगठा दाबला, खळगा पडला, तो भरायला वेळ लागला, आणि ते म्हणाले, काका, हे मांस नाही. पाणी आहे. मूत्रपिंडं काम करत नाहीत.

लवकर आणलं असतं तर – असं त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी उत्तर देताना खिडकीकडे पाहिलं होतं.

चार वाजता फोन वाजला. आरोही शाळेतून आली की करते. अप्पांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडे आरोही गणवेशातच होती, वेणी सुटलेली, आता अकरा वर्षांची. मागं सोनाली, सून, स्वयंपाकघरातून कसे आहात अप्पा म्हणून गेली. आरोहीनं पहिल्यांदा गोटू दाखव म्हटलं. दाखवता येणार नाही, असं अप्पांनी सांगितलं, आणि का, तेही सगळं सांगितलं – माती कशी चुकली, खळं कसं झालं, डॉक्टर कसे हसले, फटीतून पाहिलं ते. ते सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. ती लहान होती तेव्हा त्यांनी तिला अंगणात बसवून शिकवलं होतं, एका हातात बटाटा, एका हातात कांदा, डोळे मीट, आता सांग. ती चुकली की ते कधी चूक म्हणायचे नाहीत, पुन्हा धर म्हणायचे. आता ती ऐकत होती आणि पेन्सिलीचं टोक दातात धरून विचार करत होती.

“आज्जा, गोटू मरेल का?”

एरवी अप्पांकडे उत्तर असायचं. पावसाचा अंदाज, पोत्याचा अंदाज, तापाचा अंदाज – हात कपाळावर ठेवून सांगायचे, उद्या उतरेल. निलव्वाच्या वेळीही याच पोरीनं फोनवर विचारलं होतं, आज्जी बरी होईल ना, आणि त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं होतं, दिवाळीला पुरणपोळी करंल तुला. दिवाळी आली. पोरगी त्याबद्दल कधी काही बोलली नाही. तिला आठवत होतं, हे मात्र अप्पांना तिच्या आत्ताच्या विचारण्यातून कळलं – ती फोनकडे सरळ पाहत होती, वाट पाहत, मोठ्या माणसासारखी.

“मला ठाऊक न्हाय, बाळ,” अप्पा म्हणाले.

आता रडेल, असं त्यांना वाटलं. पण तिनं नुसती मान हलवली, हळू, एखादं गणित पटल्यासारखी.

“मग आपण काय करायचं?”

“काय न्हाय. बसायचं.”

“मी पण बसते,” ती म्हणाली, आणि दप्तरातून वही काढून फोनसमोरच अभ्यासाला बसली.

अप्पांनी खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत आणली, तांब्या आणि फोनही आणला, आणि गल्लीकडे तोंड करून बसले. मागचं दार पाठीला आलं. फटही पाठीला. फोनमधून पेन्सिलीचा आवाज येत होता, मधूनच खोडरबराचा. गल्लीतून एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन गेली. समोरच्या भिंतीवर ऊन होतं, तांबूस झालेलं.

आणि निलव्वाचं बोलणं आठवलं, जे दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. सोलापूरहून परत आणल्यावर ती मधल्या खोलीत होती, आणि अप्पा दर घटकेला तिच्या पायावर अंगठा दाबून पाहत होते, खळगा किती खोल, भरायला किती वेळ. सकाळी किती, दुपारी किती. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. आणि एका संध्याकाळी, अशाच वेळी, तिनं पाय बाजूला घेतला होता. रागानं नाही. म्हणाली होती, सारखं बघू नका हो. नुसतं बसा की इथं जरा. आणि ते बसले होते, खरंच बसले होते, भिंतीला टेकून, मिनिट दोन मिनिटं... आणि मग हात गेलाच. तिनं पुन्हा काही म्हटलं नाही. पाय तसाच राहू दिला. दाबू दिलं. तेवढं त्यांना द्यायचं म्हणून दिलं असेल – आत्ता, खुर्चीत, हे त्यांना प्रथमच वाटलं, की ते दाबणं तिला नको होतं आणि तरी तिनं ते होऊ दिलं, त्यांच्यासाठी.

पावणेसहा वाजत आले होते. डॉक्टरांना उशीर झाला होता. पलीकडे आरोही वहीचं पान उलटत होती. आणि तेव्हा मागच्या अंगणातून आवाज आला – बारीक, भुसभुशीत काहीतरी सरकल्यासारखा, थांबला, पुन्हा आला. माती असेल. किंवा चिमण्या मातीत लोळत असतील, या वेळी येतात त्या. किंवा मांजर.

“आज्जा,” आरोहीनं मान वर केली, “काहीतरी वाजलं. ऐकलंस?”

“ऐकलं.”

“जाऊन बघ ना.”

“न्हाय.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, बरं म्हणाली, आणि पुन्हा वहीत खाली वाकली. अप्पांना उठावंसं वाटत होतं. दार उघडावं, चार पावलं जावं, मातीत बोट घालून बघावं, तिला उचलून एकदा, एकदाच तळव्यावर घ्यावं, असं फार वाटत होतं. ते वाटणं गेलं नाही. ते तसंच राहिलं, आणि त्याला राहू देऊन अप्पा बसून होते, गल्लीकडे तोंड करून. समोरच्या भिंतीवरचं ऊन एकेक वीट वर सरकत होतं, आणि मागं अंगणात काय चाललं आहे ते त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं.